अर्धी वाटी तीर्थ

दादा,

मे महिन्याची सहा तारीख, मंगळवार, सकाळचे अकरा. हॉस्पिटलच्या खिडकीवर चाळीस हजार रुपये डिपॉझिट भरलं. हजर तिघं: व्हीलचेअरवर तू, फाइल घेऊन मी, आणि तुझ्या चपला पिशवीत घालून तुझी भावजय नीता. पावतीवर तुझं वय एकोणसत्तर पडलं होतं. मी रांग मोडून पुन्हा खिडकीशी गेलो आणि ते अडुसष्ट करून घेतलं. तू म्हणालास, "राहू दे की रे विनू, एक वर्ष फुकट मिळत होतं." रांगेतली माणसं हसली. मी मात्र नवी पावती जुनीशी ताडून बघत होतो.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. भेटायला येणारे विचारतात, "अचानक कसं काय?" मी सांगतो, "पाठीच्या मणक्यात इन्फेक्शन होतं, ते हृदयापर्यंत गेलं." यात खोटं काही नाही, पण एवढ्यानं काही सांगितलंही जात नाही. पूर्ण सांगायचं तर ते तुलाच सांगायला हवं, आणि तू असताना मी ते सांगितलं नाही.

अ‍ॅडमिट व्हायच्या आधीचा गुरुवार. तुझी कंबर धरून महिना होत आला होता. संध्याकाळी ताप चढायचा आणि पहाटे अंग घामानं भिजायचं. नीता रात्रीतून दोनदा तुझा सदरा बदलायची. एमआरआयमध्ये कमरेचे दोन मणके आणि मधली गादी सुजलेली दिसली होती. मणक्याचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी घाई केली नाही, सगळं विचारलं. शुगर आहे का, घरात कुणाला टीबी होता का, वजन किती उतरलं. तुला ऐकायला जरा कमी येतं म्हणून उत्तरं मी देत होतो. तारखा आणि आकडे माझ्याजवळ लिहिलेले होते. मग त्यांनी गुजरातीत विचारलं, "गाय-भेंस राखो छो? काचुं दूध पीवो छो?"

मी म्हटलं, "ना साहेब. डेरीची पिशवी येते, आणि तीसुद्धा आमच्या घरी दोनदा उकळतात."

तू खुर्चीच्या दांडीवरून हात उचललास. "विनू, अरे पण..."

"दादा, थांब. मी सांगतोय ना. बाहेर पेशंट खोळंबलेत."

तुझा हात परत दांडीवर गेला. डॉक्टरांनी कागदावर 'ना' असं काहीतरी लिहिलं. ते लिहिताना मी बघितलं.

त्या दिवशी सकाळी सव्वासहा वाजता जेठाभाई भरवाडाच्या गोठ्यातून अर्धा लिटर गाईचं दूध मीच आणलं होतं. ती किटली खाली पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या हुकाला लटकत होती.

मी खोटं बोललो नाही, दादा. हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन, आणि हेच मला सोसत नाही. ते दूध पिण्याचं नव्हतंच. ते महादेवाच्या बाणाचं होतं. आजोबा इथल्या संस्थानच्या महसूल खात्यात होते, तेव्हापासून तो बाण आपल्या देव्हाऱ्यात आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तू रोज त्याला अभिषेक घालायला लागलास. पिशवीतलं दूध चालत नाही, तापवलेलं तर मुळीच नाही, म्हणून रोज उजाडता स्कूटर काढून नदीकडच्या गोठ्यात जायचास. तुझी कंबर धरली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. अभिषेक झाला की तांब्याच्या ताम्हनातलं दूध वाटीत काढायचं, सगळ्यांच्या हातावर एकेक पळी द्यायची, आणि उरलेलं मोरीत ओतायचं नाही म्हणून तू पिऊन टाकायचास. रोज अर्धी वाटी. मला कुणी विचारलं असतं, "दादा सकाळी काय काय खातात-पितात?" तर मी चहा किती कप आणि त्यात साखर किती चमचे, हेसुद्धा सांगितलं असतं. तीर्थ सांगितलं नसतं. तीर्थ घेतात. ते खाण्यापिण्यात कोण मोजतं?

मी तेही नीट घेत नव्हतो, हे तुला माहीत होतं. हातावर पळी पडली की ओठांना लावल्यासारखं करायचं आणि हात डोक्यावरून फिरवायचा. "तुझ्या केसांना तेवढी मुक्ती मिळेल," तू म्हणायचास. "बाकीच्या विनूचं काय?" मग वाद सुरू व्हायचा. मी म्हणायचो, अर्धा लिटर दूध, पेट्रोल, तुझी झोप, वर्षाला किती होतात बघ. तू म्हणायचास, "तुझा देव ऑडिटला येणार असेल तर त्याला फाइल दाखव. माझा येत नाही." अठ्ठावीस वर्षं मी ऑडिटमध्ये काढली. तो वाद तसाच राहिला. आता जिंकायला माझ्याकडे लॅबचा छापील रिपोर्ट आहे, आणि समोर कुणी नाही.

आणि ते "अरे पण". तू काय सांगणार होतास? गोठ्याचं सांगणार होतास, की व्हीलचेअरची पायाखालची पट्टी रुततेय असं म्हणणार होतास? मी तेव्हा विचारलं नाही, घरी येतानाही नाही. त्यानंतर आपण जवळजवळ तीन महिने एकाच घरात होतो, रोज तीन वेळा मी तुझ्या काखेत थर्मामीटर लावत होतो. एकदा तरी "दादा, त्या दिवशी काय म्हणत होतास?" एवढं विचारायला काय जात होतं?

तापाचा तक्ता मला करायचा होता. तू पडल्यापडल्या म्हणालास, "असा नुसता रकाना नको. ग्राफ कर. ड्रॉइंग शिकवलंय मी तीस वर्षं, माझा ताप तरी धड दिसू दे." पाठीला उशी लावून, फळीवर कागद टाचून तू स्वतः रेघा मारल्यास. आडव्या रेषेवर तारीख, उभ्या रेषेवर ताप, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अंश फॅरनहाइट'. "एकक लिहिलं नाही तर तो आकडा नाही, नुसतं चित्र आहे," हे तू मला नवव्या वर्षीही सांगितलं होतंस. माझं गणित कच्चं होतं. तू हातात फूटपट्टी दिलीस आणि घरभर मापं घ्यायला लावलीस. खिडकी, पाट, आईच्या डब्याचं झाकण, सगळं एककासकट वहीत. आकड्यांची भीती तिथे गेली. पुढे सगळी नोकरी मी त्या फूटपट्टीच्या जोरावर केली, हे तुझ्या निवृत्तीच्या समारंभात बोलायचं मी लिहूनही नेलं होतं. बोलायला उभा राहिलो आणि फक्त सगळ्यांचे आभार मानून खाली बसलो.

सहा तारखेला अ‍ॅडमिट झालास, सात तारखेला सुई घालून मणक्याचा तुकडा काढला. तुला पालथं झोपवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणालास, "कागदाला टाचणी मारतात तसं. फक्त कागद ओरडत नाही." रिपोर्ट आले. टीबीची तपासणी निगेटिव्ह. जंतू वाढवून बघायच्या बाटल्यांत काही उगवलं नाही. तुकड्यात मात्र सूज अशी होती, जी टीबीत दिसते. डॉक्टर म्हणाले, "निगेटिव्ह आव्युं एटले टीबी नथी एम न कहेवाय." तपासणी काही म्हणो, आपल्याकडे मणका असा खाल्लेला दिसला की बहुतेक वेळा तो टीबीच निघतो, असं त्यांनी समजावलं. गोळ्या सुरू झाल्या. रोज रिकाम्या पोटी. एकही चुकली नाही, मी खूण करत होतो.

आणि ताप उतरला, दादा. अकराव्या दिवशी पहिल्यांदा रेघ नव्व्याण्णवच्या खाली गेली. पुढच्या भेटीला मी ग्राफ नेला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, नर्सला बोलावून दाखवला. "आवुं कोई नथी लावतुं, काका. जुओ, दवा लागू पडी." माझी छाती फुगली. तू कोपऱ्यात तुझी सही केली होतीस, शाळेच्या ड्रॉइंगवर करायचास तशी. जूनमध्ये तू वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत गेलास. चौदा पावलं. देव्हाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलास आणि नीताकडून अभिषेक करून घेतलास. दूध मी आणलं. अर्धी वाटी तू घेतलीस.

पाच जुलैला रेघ पुन्हा वर निघाली. शंभर, मग एकशे एक. डॉक्टर म्हणाले, टीबीत असं होतं, धीर धरा. मी धरला. तुझं वजन त्रेसष्टवरून एक्कावन्नावर आलं. बाथरूमपर्यंत जाऊन यायचास आणि धाप लागायची. ती धाप मी अशक्तपणाच्या खात्यावर टाकली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर तू, "नको रे, पुरे आता. किती सुया." आणि मी ओरडलो, "तुला बरं व्हायचंच नाही! आम्ही मरतोय धावून, आणि तू..." वाक्य पूर्ण केलं नाही. दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, "चल, कुठं न्यायचं तिथं ने. फक्त तुझ्या स्कूटरवर नको." ती माफी होती की चेष्टा, ते मला कळलं नाही. पण मी माफी मागितली नाही, हे पक्कं.

अलकापुरीत संसर्गाच्या त्या तरुण डॉक्टरबाई. पस्तिशीच्याही नसतील. मी फाइल उघडून सुरुवात केली, तर त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. "अंकल, तमे नहीं. दादा बोलशे." मग खुर्ची तुझ्याजवळ ओढून मोठ्यानं विचारलं, "दादा, सवारे उठो त्यारथी मोंमां शुं शुं जाय, बधुं कहो. पाणी पण."

सकाळपासून तोंडात काय काय जातं, असं तुला किती दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. तू वर्गात बोलायचास तसा बोलायला लागलास. पाचला उठणं. तांब्याभर कोमट पाणी. "पछी?" पछी स्नान, पूजा. "पछी?" "पछी तीर्थ. मग चहा."

"तीर्थमां शुं होय?"

"दूध. गाईचं."

"उकाळेलुं?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. मग त्यांच्याकडे वळून मराठीतच म्हणालास, "देवाला उकळलेलं चालत नाही, बेन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज? केटलुं?" नीतानं दोन बोटांनी वाटीचा अर्धा दाखवला. मी भिंतीवरची त्यांची सर्टिफिकेटं वाचत होतो. तिथं चार होती.

मग त्यांनी सांगितलं ते मी फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आहे. गुराढोरांचा एक जंतू असतो. जनावरात तो वरून दिसत नाही, दुधातून येतो, उकळलं की मरतो. माणसाच्या कमरेच्या मणक्यात बसला की चित्र टीबीसारखं दिसतं, तुकड्यातली सूजही तशीच. बाटलीत तो हळू उगवतो, लॅबला आधी सांगावं लागतं की याचा संशय आहे, जास्त दिवस ठेवा. पण संशय यायला कुणीतरी कच्च्या दुधाचं सांगावं लागतं. टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी त्यालाही लागते, पण एकटी त्याला पुरी मारत नाही. म्हणून ताप उतरला आणि परत आला. त्यांनी आपला ग्राफ टेबलावर पसरला, तुझ्या सहीवर बोट ठेवलं. "ग्राफ एकदम साचो छे, दादा. अमे खोटो वांच्यो."

'अमे' म्हणाल्या, आम्ही चुकीचा वाचला. त्यांचा काय संबंध होता? त्यात मी येत होतो.

त्यानंतर त्या स्टेथोस्कोप तुझ्या छातीवर खूप वेळ धरून बसल्या. "आ अवाज पहेलां कोईए कह्यो हतो?" कुणी सांगितला नव्हता. दोन दिवसांत रक्ताचा रिपोर्ट आला, त्याच जंतूचा. हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं की तो एका झडपेवरही जाऊन बसला आहे. मणका बरा झाला असता, असं त्या म्हणाल्या. झडपेचं सांगता येत नव्हतं. नीताची तपासणी केली, माझीही. आम्ही दोघं निगेटिव्ह. नीता दूध पचत नाही म्हणून थेंबभर घ्यायची, आणि मी तर डोक्याला पुसत होतो.

बरोबर औषध सुरू झालं तेव्हा तू परत हॉस्पिटलात. चौथ्या दिवशी ताप उतरला. ग्राफ काढायला या वेळी मी कागद नेला नाही. सर्जन म्हणत होते, औषध अजून थोडं मुरू दे, मग झडप बदलू. सातव्या दिवशी दुपारी तू शुद्धीवर, चांगला बोलत होतास.

"विनू, बाणाला आता काय घालतोस?"

"पाणी."

"बरं. तू तेही उकळून घेशील."

हसताना तुला खोकला आला. मी पाठ धरली. हाताला मणके एकेक मोजता येत होते. तेव्हा सांगायचं होतं, दादा. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं आणि 'ना' मी म्हणालो होतो. तुला ते ठाऊक होतं, तू तिथं होतास. तरी माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंस. मी म्हणालो, "झोप आता थोडा." तू ऐकलंस. शहाण्या मुलासारखा डोळे मिटून घेतलेस.

नवव्या दिवशी सकाळी मी खाली औषधाच्या दुकानात इंजेक्शनं घेत होतो. सहा हवी होती, त्यांच्याकडे चारच होती. उरलेल्या दोनसाठी मी वाद घालत उभा राहिलो. वर झडप फाटली. चाळीस मिनिटांत तू गेलास. तुझ्याजवळ नीता होती. तू काही बोललास का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी बोलू शकत नव्हते. दाराकडे बघत होते."

बाण अजून देव्हाऱ्यात आहे. मी रोज पाणी घालतो. मंत्र येत नाहीत, म्हणून नुसतं घालतो.

तेरावं झाल्यावर मी जेठाभाईकडे गेलो. त्याला कुणी कळवलं नव्हतं. मला बघून म्हणाला, "मोटा साहेबने केम छे हवे?" मी सांगितलं. तो पागोटं काढून खाली बसला. बराच वेळ तुझं काही काही सांगत राहिला. तू गाईला गूळ आणायचास, आणि त्याच्या गोठ्याच्या नव्या पत्र्याचा नकाशा फुकट काढून दिलास, ते मला माहीतच नव्हतं. आत खाटेवर त्याची बायको हेमीबेन कुशीवर पडली होती, उठली नाही. मी सहज विचारलं.

"कमर पकडाई गई छे," जेठाभाई म्हणाला. "बे महिना थया. तेल चोळीए छीए. रातना ताव आवे, पसीनो वळे."

दोन महिने कंबर, रात्री ताप, घाम. मी तिथंच गोठ्यात उभा राहून त्याला सगळं सांगितलं. मला हळुवार सांगता येत नाही. तो उठून उभा राहिला. "एटले मारी गायना दूधथी साहेब गया, एम कहो छो?"

मी हो म्हणालो.

तो गाईजवळ गेला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. गाय चांगली धष्टपुष्ट, चकचकीत. जनावरांच्या डॉक्टरला दाखव, सगळ्या गाईंचं रक्त तपासून घे, असं मी त्या पाठीला सांगत होतो. तो ऐकत होता का ते कळत नव्हतं. मी निघणार, तेवढ्यात रक्त द्यायचं ऐकून खाटेवरून हेमीबेननं विचारलं, "क्यां जवानुं छे लोही आपवा?" आणि खाटेची पाटी धरून, दात आवळून, ती उठून बसायला लागली.

काल सकाळी रिक्षा करून तिला सयाजीगंजमधल्या लॅबमध्ये नेलं. जेठाभाई आला नाही. कुठली तपासणी हवी, ते डॉक्टरबाईंकडून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. रक्त घेताना तिनं तोंड दुसरीकडे केलं. रिपोर्ट परवा मिळेल. साडेआठशे रुपये, रोख, लॅबच्या खिडकीवर दिले. पावती हेमीबेन जेठाभाई भरवाड या नावानं. ती मी माझ्या फाइलसाठी मागितली नाही. तिनं घडी करून ओढणीच्या टोकाला बांधली.